पत्र थांबते कुठे?



टपालाचा विषय निघाला की आपण वेगाबद्दल बोलू लागतो. पत्र किती दिवसांत पोचले, तार किती तासांत आली, ईमेल किती सेकंदांत गेला, हेच आपले मोजमाप. पण लिहिणे आणि वाचणे या दोन घटनांच्या मधल्या काळात पत्र कुठे तरी पडून असते. ती जागा कोणाच्या मालकीची, तिथली किल्ली कोणाकडे आणि तिथे काही बिघडले तर जबाब कोणी द्यायचा, हे प्रश्न वेगाइतकेच महत्त्वाचे आहेत आणि ते आपण विचारीत नाही. आज आपल्यापैकी बहुतेकांची पत्रे मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत पडून असतात, आणि विजेवर चालणाऱ्या टपालात असेच असणार, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. हे गृहीत खोटे पाडणारे एक उदाहरण आज आपल्यापुढे मांडायचे आहे. १९८० च्या दशकात, मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा या देशांत, हौशी रेडिओचालकांनी म्हणजे हॅम मंडळींनी, पुस्तकाएवढ्या आकाराच्या एका पेटीत स्वतःचा मेलबॉक्स चालवायला सुरुवात केली. इंटरनेट नाही, टेलिफोनची तार नाही, मधे कोणतीही कंपनी नाही. पत्र हवेतून येई आणि ज्याचे त्याच्या टेबलावर येऊन थांबे. माझे म्हणणे असे की या लहानशा पेटीने टपालाच्या मुक्कामाचा प्रश्न योग्य रीतीने सोडवला होता आणि आजही ती चालवण्याजोगी आहे. तिच्या समर्थनार्थ जी कारणे नेहमी दिली जातात, त्यांतली काही मात्र मला पटत नाहीत. त्यांचाही विचार पुढे करू.

आधी थोडी पार्श्वभूमी. मजकुराचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करून, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून, तो रेडिओलहरींवर सोडण्याची कल्पना हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. हौशी मंडळींना अशा प्रयोगाची मुभा पहिल्यांदा कॅनडाच्या सरकारने दिली आणि मे १९७८ मध्ये माँट्रियलमध्ये हौशी पॅकेट रेडिओचे पहिले प्रक्षेपण झाले. पुढे व्हँकूव्हरच्या डग लॉकहार्ट यांनी टर्मिनल नोड कंट्रोलर, म्हणजे टीएनसी, तयार केला. अमेरिकेत १९८० मध्ये नियम सैल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात पॅकेट पुढे ढकलणारे केंद्र सुरू केले. अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात टीएपीआर नावाची हौशी संघटना उभी राहिली आणि तिने १९८५ मध्ये आणलेल्या टीएनसी-२ या यंत्राच्या आराखड्यावरून कितीतरी कंपन्यांनी आपापली यंत्रे बनवली. दरम्यान ऑक्टोबर १९८४ मध्ये एएक्स.२५ या नियमावलीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. त्यामुळे कोणाच्याही पेटीचे कोणाच्याही पेटीशी जमू लागले.

ही पेटी, म्हणजे टीएनसी, करते काय? तिच्या एका बाजूला संगणक किंवा साधा टर्मिनल जोडलेला असतो, दुसऱ्या बाजूला दोन मीटर बँडवरचा नेहमीचा रेडिओसंच. टीएनसी अक्षरांचे बिट दोन सुरांत बदलतो, एक १,२०० हर्ट्झचा आणि दुसरा २,२०० हर्ट्झचा. हे सूर संचाच्या माइकच्या वाटेने हवेत जातात. वेग सेकंदाला १,२०० बिट. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा कॉलसाइन असतो, म्हणजे सरकारने परवान्यासोबत दिलेली ओळख. त्यापुढे ० ते १५ पर्यंतचा एक उपक्रमांक लावता येतो, म्हणून एकाच परवान्यावर एका क्रमांकाने गप्पा आणि दुसऱ्या क्रमांकाने मेलबॉक्स असे चालते. शेवटी १६ बिटांची तपासणीची संख्या. ती जुळली नाही तर पॅकेट टाकून दिले जाते, पोच जात नाही, आणि पोच आली नाही की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. म्हणजे पत्र पोचले की अक्षर न् अक्षर बरोबर पोचते, नाहीतर पोचले नाही हे पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळते. आजच्या ईमेलमध्ये ही दुसरी खात्री नाही. तो समोरच्या सर्व्हरपर्यंत गेला की वाटेत गाळला गेला, हे पाठवणाऱ्याला पुष्कळदा कधीच कळत नाही.

पॅकेट रेडिओवरची पहिली टपालव्यवस्था सामायिक होती. गावातला एखादा उत्साही हॅम आपल्या संगणकावर बीबीएस, म्हणजे सार्वजनिक मेलबॉक्स, चालवी. हँक ऑरेडसन यांचा आज्ञासंच (सॉफ्टवेअर), नंतर तुलूजच्या जाँ-पॉल रुबेला यांचा एफबीबी, यांच्या जोरावर अशी केंद्रे एकमेकांना टपाल देऊ लागली आणि हॅमची पत्रे देशोदेशी जाऊ लागली. ही कामगिरी मोठी होती आणि ती फुकट, हौसेखातर केलेली होती. पण तिच्या रचनेतच एक दोष होता. संध्याकाळी सगळी मंडळी एकाच वेळी, एकाच वाहिनीवर, एकाच केंद्राला बोलावीत. प्रत्येक जण आधी यादी मागवी, मग त्यातले एखादे पत्र वाची, मग दुसरे. अब्राम्सन यांच्या मूळ पद्धतीत, म्हणजे मनात आले की पाठवा या पद्धतीत, वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के उपयोगी पडते, बाकीची टकरींत आणि रिकाम्या वेळात जाते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. हौशी टीएनसी आधी कानोसा घेऊन मग बोलतो, म्हणून त्याचे याहून बरे चालायला हवे. तसे ते चालत नाही, कारण कानोसा घेणाऱ्याला सगळे ऐकू येत नाही. १९७५ मध्ये टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी हा लपलेल्या केंद्रांचा प्रश्न मांडला होता. आपल्याकडचाच भूगोल डोळ्यांपुढे आणा. पुणे आणि मुंबई यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. घाटमाथ्यावरच्या केंद्राला दोन्ही बाजूंचे संच ऐकू येतील, पण पुण्याच्या संचाला मुंबईचा संच ऐकू येणार नाही. दोघेही वाहिनी मोकळी आहे असे समजून बोलतील आणि त्यांची पॅकेटे माथ्यावर आदळतील. सगळ्यांनी एकाच मध्यवर्ती केंद्राशी बोलायचे म्हटले की हा दोष कमाल पातळीला जातो, कारण टक्कर नेमकी त्या एका जागीच होते. अलोहानेटने निदान जाण्यायेण्याच्या दोन वेगळ्या वाहिन्या ठेवल्या होत्या. हौशी मंडळी एकाच वाहिनीवर दोन्ही कामे करीत.

या गर्दीतून वाट काढणारी युक्ती टीएनसीच्याच पोटात बसवली गेली. टीएनसीत प्रोसेसर होता, थोडी स्मृती होती आणि वीज गेली तरी ती स्मृती जिवंत ठेवणारा एक लहान लिथियम सेल होता. मग संगणक बंद असताना आलेले पत्र या पेटीनेच का सांभाळू नये? टीएपीआरच्या टीएनसी-२ मध्ये ही सोय वैयक्तिक संदेशपेटी म्हणून आली, कँट्रॉनिक्सच्या यंत्रांत ती वैयक्तिक बीबीएस म्हणून आली, एईए कंपनीच्या पीके-२३२ मध्ये मेलड्रॉप या नावाने. पुष्कळ यंत्रांत सारी स्मृती मिळून ३२ किलोबाइट, आणि त्यातलाही काही भाग यंत्राच्या स्वतःच्या कामाला लागे. व्यवहार असा चाले: शेजारच्या गावचा हॅम त्याच्या टर्मिनलवर जोडणीची आज्ञा आणि आपल्या पेटीचा कॉलसाइन टाइप करतो. आपण घरी नसतो, संगणक बंद असतो, फक्त रेडिओ आणि टीएनसी बारा व्होल्टवर जागे असतात. पेटी उत्तर देते आणि एका ओळीत आपल्या आज्ञांची आद्याक्षरे दाखवते. एल म्हणजे यादी, आर आणि क्रमांक म्हणजे वाचा, एस म्हणजे पाठवा, के म्हणजे पुसा, जे म्हणजे अलीकडे कोण कोण ऐकू आले ते सांगा, बी म्हणजे निरोप. तो एस आणि आपला, म्हणजे पेटीच्या मालकाचा, कॉलसाइन टाइप करतो, विषय लिहितो, मजकूर लिहितो, कंट्रोल आणि झेड दाबून पत्र संपवतो, आणि बी टाइप करून निघून जातो. संध्याकाळी आपण घरी येतो तेव्हा पेटीवरचा दिवा पत्र आले म्हणून सांगत असतो. तेवढीच टपाल व्यवस्था. तिच्यात नोंदणीचे पान नाही, परवलीचा शब्द विसरण्याची भानगड नाही, आणि तिचा प्रत्येक भाग हाताने दाखवता येतो.

या पेटीतल्या दोन आज्ञांकडे मी तुमचे लक्ष वेधतो, कारण त्यांत सगळा विचार साठवलेला आहे. एका आज्ञेने आपण आपले गृहकेंद्र ठरवतो, म्हणजे सार्वजनिक बीबीएसपैकी कोणते एक केंद्र आपल्या पेटीत बाहेरगावचे टपाल टाकू शकेल हे सांगतो. ते केंद्र रात्री, वाहिनी मोकळी असताना, आपले पत्र एकदाच आपल्या पेटीत आणून टाकते आणि आपले बाहेर जाणारे पत्र घेऊन जाते. मग यादी पाहणे, वाचणे, पुन्हा वाचणे, उत्तराचा विचार करणे हे सगळे घरच्या घरी, वाहिनीला धक्का न लावता. गर्दी कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय त्या काळी नव्हता. दुसरी आज्ञा त्रयस्थांच्या पत्रांची. ती बंद ठेवली तर या पेटीत फक्त पेटीच्या मालकासाठीची किंवा मालकाने लिहिलेली पत्रे राहतात. अ ने क साठी लिहिलेले पत्र ब च्या पेटीत ठेवताच येत नाही. दुसऱ्याच्या पत्रव्यवहाराची जोखीम घ्यायची की नाही हे ज्याने त्याने एका शब्दात ठरवावे, इतका स्पष्ट पर्याय आजच्या कुठल्या टपालव्यवस्थेत सामान्य माणसाला मिळतो?

ही जोखीम काल्पनिक नव्हती. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या दिवसांत, अमेरिकेतल्या एका हौशी चालकाने युद्धविरोधी आवाहन पॅकेटच्या जाळ्यात सोडले. लोकांनी एका सशुल्क टेलिफोन क्रमांकावर बोलून आपले मत नोंदवावे, असे त्यात होते. देशभर जाणाऱ्या पत्त्यावर ते टाकले होते, त्यामुळे ठिकठिकाणच्या बीबीएसनी ते आपोआप पुढे ढकलले. हौशी रेडिओवर व्यापारी मजकुराला मज्जाव आहे आणि हा क्रमांक पैसे आकारणारा होता, असे धरून तिथल्या एफसीसी या नियामक यंत्रणेने नोटिसा काढल्या. त्या मूळ लेखकाला गेल्याच, पण ज्यांच्या यंत्रांनी ते पत्र पुढे पाठवले होते त्या केंद्रचालकांनाही गेल्या. त्यांच्यातल्या कोणीही ते लिहिले नव्हते. पत्र काही काळ त्यांच्या यंत्रात पडून होते, आणि त्यांच्या कॉलसाइनने पुढे गेले, एवढाच त्यांचा संबंध. मोठी चर्चा झाली आणि १९९४ मध्ये नियम बदलला. मजकुराची मुख्य जबाबदारी ज्याने तो मूळ पाठवला त्याची, आणि ज्या पहिल्या केंद्राने तो जाळ्यात घेतला त्याने पाठवणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी किंवा जबाबदारी स्वतः पत्करावी, असे ठरले. आज समाजमाध्यमांच्या कंपन्यांबद्दल जगभरच्या संसदा जो वाद घालतात, तो इथे एका छंदाच्या पातळीवर, काही वर्षांच्या आत, सरळ शब्दांत मिटवला गेला. हे शक्य झाले याचे कारण प्रत्येक पॅकेटवर नाव होते आणि पत्र कुठे थांबले होते हे सांगता येत होते. वैयक्तिक मेलबॉक्समध्ये तर हा प्रश्न मुळातच लहान होतो. लिहिणारा थेट येऊन पत्र टाकतो, घेणारा आपल्या टेबलावर ते वाचतो. मधला कोणी नाही, म्हणून मधल्याची जबाबदारीही नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप खासगीपणाचा. हौशी रेडिओवर मजकुराचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक लिपी वापरता येत नाही. दोन देशांतल्या हौशी केंद्रांमधल्या संदेशांबाबत हे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच लिहिलेले आहे, आणि देशोदेशींचे कायदेही याच धर्तीचे आहेत. म्हणजे आपले पत्र पंचक्रोशीतला कोणताही टीएनसी वाचू शकतो. जे उघड्यावर वाचले जाते त्याची मालकी घरी ठेवून काय साधले, असा हा आक्षेप. मी तो मान्य करतो, पण अर्धाच. पॅकेटवरचे पत्र पोस्टकार्डासारखे आहे. महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पोस्टकार्डावर संसार चालवला, कारण काय कार्डावर लिहायचे आणि काय पाकिटात घालायचे हे लोकांना कळत होते. गुपित या वाटेने जाऊ नये, हे उघड आहे. पण मजकूर लपलेला असणे आणि पत्र आपल्या ताब्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या ईमेलमध्ये मजकूर शेजाऱ्याला दिसत नाही, मात्र तो वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या यंत्रात राहतो. कोणी कोणाला केव्हा लिहिले याची सलग नोंद तिथे असते आणि खाते बंद झाले की आपलाच पत्रव्यवहार आपल्याला मिळत नाही. पॅकेट मेलबॉक्समध्ये उलट आहे. ऐकणाऱ्याला मजकूर दिसतो, पण संग्रह माझा असतो आणि के टाइप केले की माझ्या पेटीतून तो जातो. कोणी ऐकून उतरवून ठेवले असेल तर त्याला माझा इलाज नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याला गुप्तता हवी त्याने दुसरे साधन निवडावे. ज्याला ताबा हवा त्याच्यासाठी हे साधन खरे आहे. तोतयेगिरीचा उपप्रश्न याला जोडून येतो. टीएनसीत कोणाचाही कॉलसाइन टाइप करता येतो, हे खरे. त्यावर अंकीय सहीचा उपाय आहे, आणि सही मजकूर लपवीत नाही.

दुसरा आक्षेप, ही गाडी फार संथ. हिशोब करून पाहू. २५६ बाइटचे एक पॅकेट, त्यावरचे पत्ते आणि तपासणी धरून, १,२०० च्या वेगाला सुमारे दोन सेकंद घेते. रोमन लिपीतले दोन हजार अक्षरांचे पत्र आठ पॅकेटांत बसते आणि मोकळ्या वाहिनीवर पोच धरून अर्ध्या मिनिटाच्या आत जाते. चित्रे, गाणी, चित्रफिती यांचा विचारच नको. पण पत्र म्हणजे पत्र, आणि पत्राला अर्धा मिनिट हा विलंब म्हणता येत नाही. मराठीचा प्रश्न मात्र वेगळा मांडायला हवा, कारण तो आपला आहे आणि तो परदेशातल्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत येणार नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हे असतात. ‘नमस्कार’ या शब्दात सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. हाच शब्द रोमन अक्षरांत आठ बाइटांत जातो. २५६ बाइटच्या पॅकेटमध्ये देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे मावतात. शिवाय जुना टीएनसी प्रत्येक बाइटचा आठवा बिट गाळून टाकण्याच्या बेताने लावलेला असू शकतो, कारण इंग्रजीला सात पुरतात. तो राखण्याची आज्ञा चालू केली नाही, तर मराठी पत्र पोचते पण त्याचा एक शब्द वाचता येत नाही. ही अडचण सुटण्याजोगी आहे. पत्र तिप्पट वेळ घेईल, मिनिट-सव्वा मिनिट. आज्ञा नीट लावावी लागेल, आणि जुन्या पेटीऐवजी संगणकावरचा आज्ञासंच वापरला तर स्मृतीची चणचणही राहणार नाही. मराठीला या वाहिनीवर थोडे जास्त भाडे पडते, आणि ते भरण्याजोगे आहे, असे माझे मत.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नाही, समर्थनाचा आहे, आणि मला त्याच्याशीच जास्त भांडायचे आहे. हौशी रेडिओ म्हटले की आपत्तीचे नाव निघते. या कामगिरीबद्दल आदर बाळगूनच बोलतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचे पथक हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. टेलिफोन कोलमडल्यावर त्यांनी तिथून निरोप बाहेर पोचवले, ते भारतीय हॅम चळवळीच्या इतिहासात राहील. पण ते काम आवाजाने झाले, कारण तातडीच्या निरोपाला माणसाचा आवाज सर्वांत बरा. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत विनलिंक या व्यवस्थेने रेडिओवरून ईमेल नेले. त्यात पत्र वादळाच्या पट्ट्याबाहेरच्या केंद्रावर घेऊन तिथून इंटरनेटवर सोडले जाते. वैयक्तिक मेलबॉक्स या दोन्हींत बसत नाही. लांबलचक यादी बिनचूक पाठवायची असेल, किंवा घेणारा माणूस संचापासून दूर असेल, तर त्याचा उपयोग होतो, हे खरे. मीर अंतराळस्थानकावर १९९० च्या दशकात अशीच एक लहान पेटी बसवलेली होती आणि अंतराळवीर आपले काम आटोपल्यावर, सवडीने, पृथ्वीवरच्या हॅमनी टाकलेली पत्रे वाचीत. घेणाऱ्याला आपल्या वेळेने वाचू देणे हाच या पेटीचा गुण. पण आपत्तीच्या नावाने ती विकत घेऊन कपाटात ठेवली, तर आपत्तीच्या दिवशी ती चालणार नाही. तिचा सेल संपलेला असेल, आज्ञा कोणाला आठवणार नाहीत, आणि शेजारच्या गावी कोणाची पेटी चालू आहे हे ठाऊक नसेल. रोजच्या पत्रासाठी जी पेटी चालते तीच अडचणीच्या दिवशी चालेल. म्हणून आपत्तीचे कारण मी दुय्यम मानतो. रोज वापरावी इतकी ती चांगली आहे का, हा पहिला प्रश्न.

यावर चौथा आक्षेप उभाच आहे. रोज वापरायची तर कोणाशी? १९९० च्या दशकात इंटरनेट घरोघरी आले आणि पॅकेटच्या वाहिन्या ओस पडल्या, ही वस्तुस्थिती आहे. ज्याला स्वतःच्या ताब्यात टपाल हवे त्याने इंटरनेटवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा, असे कोणी म्हणेल. करून पाहणाऱ्यांना उत्तर माहीत आहे. घरगुती जोडणीवरून मेल पाठवण्याचे द्वार सेवा देणाऱ्या कंपन्या बहुधा बंदच ठेवतात, आणि ते उघडे असले तरी मोठ्या मेलसेवा अनोळखी लहान सर्व्हरकडून आलेले पत्र कचऱ्यात टाकतात. जाहिरातींच्या महापुराविरुद्ध त्यांना हे करावे लागते, हे मी समजू शकतो. पण परिणाम असा की इंटरनेटवर लहान टपालघर चालवायला मोठ्या टपालघराची मर्जी लागते. पॅकेटवर ती लागत नाही, आणि तिथे जाहिरातीही नाहीत. या दोन्ही गोष्टींची कारणे तीच. पाठवणाऱ्या प्रत्येकाला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, प्रत्येक पॅकेटवर त्याचे नाव असते आणि पैसे मिळवण्यासाठी ही वाहिनी वापरण्याला बंदी आहे. विनलिंकचा उल्लेख मघाशी केला. ती उत्तम व्यवस्था आहे, पण तिच्या नेहमीच्या वापरात पत्र पुन्हा इंटरनेटवरच्या मध्यवर्ती सर्व्हरवर जाऊन थांबते. तिच्यातच दोन केंद्रांमध्ये थेट पत्र देण्याचीही सोय आहे. ती जास्त वापरली जावी, असे मला वाटते. माणसे कमी आहेत हा आक्षेप मात्र मी पुसून टाकत नाही. दहा जणांचे जाळे हे दहा जणांचेच जाळे. फक्त, दोन पेट्या असल्या तरी पत्रव्यवहार सुरू होतो, आणि तिसरी आली की पहिल्या दोघांना काही विचारावे लागत नाही.

या पेटीचे खरे मोल मला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनी हौशी सेवेच्या व्याख्येत जी तीन कामे सांगितली आहेत त्यांत दिसते: स्वशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक शोध. स्वशिक्षण पहिले आहे. हा क्रम पोकळ नाही, याचा पुरावा पॅकेटच्याच इतिहासात मिळतो. लपलेल्या केंद्रांच्या टकरींनी बेजार झालेल्या हौशी मंडळींपैकी फिल कार्न यांनी १९९० मध्ये हौशी रेडिओच्या संगणकजाल परिषदेत एक निबंध मांडला. बोलण्याआधी पाठवणाऱ्याने लहानशी विनंती करावी, घेणाऱ्याने लहानशी परवानगी द्यावी, आणि ती परवानगी ऐकणाऱ्या इतरांनी गप्प बसावे, अशी ती पद्धत. पाठवणारा लपलेला असला तरी घेणारा लपलेला नसतो, हे त्यातले मर्म. या विचारावर विद्यापीठांत पुढे काम झाले आणि १९९७ मध्ये आलेल्या वायफायच्या ८०२.११ या मानकात विनंती-परवानगीची ही सोय आहे. सेकंदाला १,२०० बिटांच्या वाहिनीवर घासाघीस करणाऱ्या माणसांना हा प्रश्न बोचत होता, कारण तो त्यांना रोज प्रत्यक्ष ऐकू येई. पुन्हा पुन्हा जाणारे तेच पॅकेट, न येणारी पोच, मधेच तुटलेली जोडणी, हे सगळे लाउडस्पीकरमधून कानावर पडत असे. जलद यंत्रणेत हे सारे झाकले जाते. ज्याने एकदा आपल्या पेटीच्या विलंबाच्या, पुनःप्रयत्नांच्या, पॅकेटच्या लांबीच्या आज्ञा स्वतः लावून पाहिल्या, त्याला कोणत्याही जाळ्याबद्दल शहाणे प्रश्न विचारता येतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे विषय फळ्यावर शिकवले जातात आणि परीक्षेत लिहिले जातात. ते ऐकण्याची सोय मात्र बहुतेक ठिकाणी नसते.

आणि ती सोय आज पूर्वीपेक्षा सोपी आहे. टीएनसीची पेटी मिळाली नाही तरी अडत नाही. जॉन लँगनर यांचा डायर वूल्फ हा आज्ञासंच संगणकाच्या साउंड कार्डाकडून टीएनसीचे सगळे काम करून घेतो आणि तो फुकट आहे. जॉन वाइझमन यांचा बीपीक्यू हा आज्ञासंच मेलबॉक्स चालवतो, आणि दोन्ही मिळून रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर बसतात. भारतात दोन मीटर बँड, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, हौशी चालकांना खुला आहे. परवान्याच्या परीक्षेला वयाच्या बाराव्या वर्षापासून बसता येते आणि खालच्या श्रेणीला मोर्सची अट नाही. परवाना आधी आणि प्रक्षेपण नंतर, हा क्रम मात्र कोणी मोडू नये, आणि त्रयस्थांचे निरोप, व्यापारी मजकूर यांविषयीच्या अटी वाचूनच पेटी चालू करावी. माझी विनंती दोघांना आहे. ज्या गावांत आज हॅम क्लब आहेत त्यांनी एक वैयक्तिक मेलबॉक्स चोवीस तास चालू ठेवावा आणि त्याची वाहिनी व कॉलसाइन क्लबच्या फलकावर लावावा. आणि ज्या महाविद्यालयांत संदेशवहन शिकवले जाते त्यांनी परवानाधारक शिक्षकाच्या देखरेखीखाली आपली पेटी उभारून त्या क्लबला पहिले पत्र पाठवावे, देवनागरीत.